लॅब सोडू की फिजिक्स सोडू?

एसवाय बीएस्सीच्या एका मुलीने विचारलं आहे. कोल्हापुरात शिकते, मेजर केमिस्ट्री, मायनर फिजिक्स. तिसऱ्या सेमिस्टरपासून कॉलेजातल्याच एका सरांकडे झिंक ऑक्साईडच्या नॅनोकणांवर काम करते. आठवड्याचे सहाही दिवस कॉलेज सुटल्यावर अडीच तास लॅब, मग एसटी, घरी पोचायला साडेआठ. काम मनापासून आवडतं, पण फिजिक्सच्या पेपरला काठावर पास झाली आणि केमिस्ट्रीतही मार्क घसरले. घरचे म्हणतात, आधी डिग्री नीट कर. तिचा प्रश्न: लॅब सोडू का? आणि सोडली तर सर रागावतील का?

लॅब सोडू नकोस. आत्ता करतेस तशी मात्र पुढच्या सोमवारपासून करू नकोस.

मी फिजिकल केमिस्ट्री शिकवते, त्याला २२ वर्षं होत आली. एसवाय-टीवायची पन्नासेक मुलंमुली माझ्याकडे प्रोजेक्ट करून गेली. काही पीएचडीपर्यंत पोचली, काहींनी मधेच सोडलं, आणि दोघांच्या बाबतीत मला अजून वाटतं की मीच त्यांना वेळेवर "आता महिनाभर इकडे फिरकू नकोस" म्हणायला हवं होतं. तेव्हा या उत्तरात थोडी माझी रुखरुखही मिसळलेली आहे, असं समज.

आधी तासांचा हिशेब मांडू, कारण तो कुणी मांडत नाही. यूजीसीच्या चौकटीत थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला १५ तास आणि प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. तुझं सेमिस्टर २२ क्रेडिटचं असेल आणि त्यातले ८ प्रॅक्टिकलचे असतील, तर १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये आठवड्याला थिअरीचे १४ आणि प्रॅक्टिकलचे १६, असे ३० तास तू वर्गात किंवा टेबलापाशी उभी असतेस. त्यात लॅबचे १५. एसटीचे जाऊन-येऊन रोज दोन तास धरले तर आणखी १२. झाले ५७. यात घरी एक पानही वाचलेलं नाही, जर्नल लिहिलेलं नाही, आणि आईला स्वयंपाकघरात हात लावलेला नाही. तू आळशी नाहीस. तुझ्या आठवड्यात फिजिक्सला जागाच ठेवलेली नाही, एवढंच झालं आहे.

पण तासांवर थांबले तर उत्तर अर्धवट राहील. तुझ्याएवढेच तास लॅबमध्ये घालवून फर्स्ट क्लास काढणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि आठवड्याला चार तास येऊन नापास झालेलीही. फरक बहुतेक वेळा एकाच गोष्टीत सापडला: कोणतं काम कोणत्या वेळात घातलं.

तुझंच काम घे. झिंक ॲसिटेटचं द्रावण, त्यात थेंब थेंब सोडियम हायड्रॉक्साईड, दोन तास ढवळणं, मग सेंट्रिफ्यूज, पाणी आणि इथेनॉलने तीन-चार वेळा धुणं, ओव्हनमध्ये वाळवणं, शेवटी फर्नेस. यात हाताला काम थोडं आणि वाट पाहणं फार. मग प्रत्येक हुशार विद्यार्थ्याच्या डोक्यात तोच विचार येतो, की ढवळणं चालू आहे तोवर शेजारच्या स्टुलावर बसून इलेक्ट्रोस्टॅटिक्सची गणितं करू. दप्तरात पुस्तक असतंच. दोन तास बसतेसही. आणि घरी जाताना लक्षात येतं की एक गणित झालं, तेही उत्तर मागे पाहून.

यात तुझा दोष नाही. केमिस्ट्रीच्या लॅबमधली वाट म्हणजे रिकामा वेळ नसतो. दर दहा मिनिटांनी पीएच बघावा लागतो, मॅग्नेट अडकतो, कुणीतरी "वजनकाटा मोकळा आहे का गं?" विचारतं. आणि फिजिक्सच्या गणिताला असा तुटक वेळ चालत नाही. पोकळ गोलाच्या आतलं आणि बाहेरचं विद्युतक्षेत्र काढायचं, तर गाउसचा पृष्ठभाग कुठे घ्यायचा, सिमेट्री कुठली, सीमेवर काय होतं, हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. मधे कुणी हाक मारली की ते सांडतं, आणि परत गोळा करायला आणखी वीस मिनिटं जातात.

म्हणून माझा पहिला नियम: लॅबमध्ये फिजिक्स न्यायचं नाही. ढवळण्याच्या दोन तासांत जर्नल लिही, ग्राफ काढ, ऑरगॅनिकच्या रिॲक्शन आणि त्यांच्या मेकॅनिझम वहीत पुन्हा पुन्हा उतरव, इनऑरगॅनिकचे ट्रेंड पाठ कर, बीकर धू. तुकड्यातुकड्यांत होणारं जे जे आहे ते सगळं तिथे संपव. तसं झालं तर घरी गेल्यावर जर्नलचं ओझं नसेल आणि डोकं मोकळं असेल. फिजिक्सला मात्र सकाळ दे. रोज एक गणित, पुस्तक बंद करून, कागदावर, ४५ मिनिटं. सुटलं तर उत्तम. नाही सुटलं तर ते डोक्यात घेऊन कॉलेजला जा, बहुतेक वेळा दुपारच्या आत वाट सापडते. आठवड्याला सहा गणितं म्हणजे सेमिस्टरला ९०. एवढी हातून गेली की काठावरचे मार्क राहत नाहीत.

एसटीत अभ्यास करायचा विचार करत असशील तर तो सोडून दे. एसटीत झोप. हे मी चेष्टेत म्हणत नाही, रात्री साडेआठला घरी पोचणाऱ्या मुलीने सकाळी पाचला उठून गणितं करायची असतील तर ती झोप कुठून तरी यायला हवी.

फिजिक्सवर मी एवढा जोर का देते आहे, तेही सांगते, कारण मी स्वतः केमिस्ट्रीची आहे. केमिस्ट्रीचा मागे पडलेला पेपर शेवटच्या दहा दिवसांत ओढून काढता येतो. चांगली सवय नाही, पण येतो. फिजिक्सचा येत नाही. तिथे प्रत्येक प्रकरण मागच्याच्या खांद्यावर उभं असतं. ग्रेडियंट आणि डायव्हर्जन्स हाताला बसले नसतील तर मॅक्सवेलची समीकरणं नुसती चित्रासारखी दिसतात, आणि चित्र पाठ करून पेपर सुटत नाही.

आता लॅबच्या तासांकडे येऊ. रोज अडीच तासांऐवजी आठवड्यातून दोन दुपारी चार-चार तास, असे ८ कर. रोजच्या अडीच तासांतला पाऊण तास सामान काढण्यात, ग्लासवेअर शोधण्यात आणि शेवटी आवरण्यात जातो. सहा दिवसांचे साडेचार तास असेच गेले, म्हणजे १५ तासांत खरं काम साडेदहा तासांचं. दोन दुपारींत असा वाया जाणारा वेळ दीड तासाचा, हातात साडेसहा उरतात. कामाचे चार तास गमावलेस, पण आठवड्याचे सात तास परत मिळाले आणि चार दिवस लवकरची एसटी मिळाली. हा सौदा मी डोळे मिटून करीन.

त्या दोन दुपारी नीट चालायच्या असतील तर प्रत्येक पायरीला एक प्रश्न विचारायला शीक: इथे थांबता येतं का? वाळलेली पावडर डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल न शिरणाऱ्या बंद भांड्यात, आठवडाभर सुखाने पडून राहते. अर्धवट धुतलेला साका तसा राहत नाही, त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या वेळी वेगळंच सँपल हाती येतं. म्हणजे धुणं सुरू करायचं तर वाळवण्यापर्यंत न्यायचंच, आणि तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी सुरूच करायचं नाही. सरांना विचारून हायड्रोथर्मल पद्धतही करून बघ. द्रावण ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सहन करणाऱ्या घट्ट झाकणाच्या भांड्यात, बंद केलं, ओव्हनमध्ये ठेवलं, की बारा ते चोवीस तास तुझी गरज नसते. ये-जा करणाऱ्यांना हे काम सोयीचं. फक्त ओव्हनवर नाव, तापमान आणि बंद करायची वेळ लिहिलेली चिठ्ठी हवी, रात्री लक्ष ठेवणारं जबाबदार माणूस हवं, टेफ्लॉनचं भांडं काठोकाठ भरायचं नाही आणि गरम असताना उघडायचं नाही.

थांबता येतं का हा प्रश्न मी कसा शिकले ते ऐक. एमएस्सीला असताना मी तीन आठवडे खपून बनवलेला पदार्थ शुद्ध करायला सिलिका भरलेल्या काचेच्या नळीवर, म्हणजे कॉलमवर, चढवला, वर सॉल्व्हंट भरपूर ओतलं आणि पाऊण तासाच्या क्वांटमच्या लेक्चरला पळाले. हिशेब केला होता, की तेवढ्यात खाली उतरणार नाही. त्या दिवशी सरांचं लेक्चर लांबलं. परत आले तर कॉलम कोरडा, सिलिकाला वरपासून खालपर्यंत भेगा, आणि दोन सुंदर पिवळे पट्टे एकमेकांत मिसळलेले. गाईडनी काहीच म्हटलं नाही. सिलिकाची नवी बाटली पुढे सरकवली. लेक्चरमधलंही मला त्या दिवशी काही कळलं नव्हतं, कारण सगळा वेळ मी मनात कॉलमचे थेंब मोजत होते.

तू विचारलेलं नाहीस, पण तुझ्या प्रश्नातच एक सोय दडलेली आहे. मेजर केमिस्ट्री आणि मायनर फिजिक्स असणाऱ्याला एकच अभ्यास दोनदा कामाला येतो. पेटीतल्या कणाचं गणित, म्हणजे बंद जागेत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनला कोणत्या ऊर्जा मिळू शकतात ते, तुला दोन्हीकडे आहे. ते फिजिक्सच्या पद्धतीने एकदा पूर्ण सोडव आणि मग हेक्साट्राईन या सेंद्रिय रेणूला लाव. सहा पाय (π) इलेक्ट्रॉन, पेटीची लांबी ०.७३ नॅनोमीटर धर, तिसऱ्या पातळीवरून चौथीवर उडी. त्या उडीला लागणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी २५० नॅनोमीटरच्या आसपास येते, आणि प्रत्यक्ष शोषण २५८ ला आहे. इतक्या भाबड्या मॉडेलकडून इतकं जवळचं उत्तर येतं, हे एकदा स्वतःच्या हाताने काढलं की परीक्षेत ते प्रकरण विसरणं अशक्य. आणि तोच विचार पुढे तुझ्या नॅनोकणांवर चालतो. झिंक ऑक्साईडची बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात जायला लागणारी ऊर्जा, ३.३७ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, म्हणजे शोषणाची कड ३७० नॅनोमीटरजवळ. कण पुरेसे लहान झाले की पेटी आखडते आणि कड निळ्या बाजूला, म्हणजे कमी तरंगलांबीकडे, सरकते. तू यूव्हीच्या मशीनवर जो ग्राफ काढतेस तो फिजिक्सच्या सिलॅबसमधलाच आहे, फक्त त्यावर पेपर कोड छापलेला नसतो.

उलट बाजूचंही एक उदाहरण देते, कारण लॅबमध्ये रमलेल्या मुलांना वाटतं की वर्गातला अभ्यास हा कर भरण्यासारखा आहे. माझ्याकडचा टीवायचा एक मुलगा एक्सआरडीचा, म्हणजे स्फटिकावरून विखुरलेल्या क्ष-किरणांचा, डेटा घेऊन आला, चेहऱ्यावर आनंद मावेना. "मॅडम, शेररच्या सूत्राने साईज ०.३५ नॅनोमीटर आली, एवढे लहान कण कुणीच बनवले नसतील!" शेररचं सूत्र पीकच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढतं. मी त्याला विचारलं, झिंक ऑक्साईडच्या युनिट सेलची, म्हणजे स्फटिकाच्या सर्वांत लहान विटेची, उंची किती? ०.५२ नॅनोमीटर, हे त्याला पाठ होतं. मग तुझा स्फटिक स्वतःच्या युनिट सेलपेक्षा लहान कसा रे? तो पाच मिनिटं गप्प बसला. पीकची रुंदी त्याने अंशांत घातली होती, रेडियनमध्ये नाही. ५७.३ ने गुणलं, आणि कण निघाले २० नॅनोमीटरचे, चारचौघांसारखे. कोन रेडियनमध्ये का घ्यायचा हे फिजिक्सच्या पहिल्या सेमिस्टरला त्याने शिकून टाकून दिलं होतं. लॅबमध्ये त्याने आणखी शंभर तास घातले असते तरी ही चूक सापडली नसती.

मायनरच्या सेमिनारसाठी किंवा लहान प्रोजेक्टसाठी तुझाच एक्सआरडी किंवा यूव्हीचा डेटा घेता येतो का, ते फिजिक्सच्या मॅडमना विचार. बहुतेकदा त्यांना बरंच वाटतं. मात्र दोन्हीकडच्या शिक्षकांना सांगूनच. एकच रिपोर्ट नाव बदलून दोन ठिकाणी दिला, तर ती काटकसर राहत नाही, लबाडी होते.

आता मार्कांचं. चौथं वर्ष रिसर्चसह ऑनर्स करायचं असेल तर यूजीसीच्या चौकटीप्रमाणे पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. १६० क्रेडिटच्या त्या पदवीत १२ क्रेडिट संशोधनाच्या प्रोजेक्टचे असतात, म्हणजे ज्या कामासाठी आज एसटी चुकवतेस ते तेव्हा टाइमटेबलमध्येच असेल. एसवायला संशोधनापायी मार्क घालवून संशोधनाच्याच वर्षाचं दार बंद करून घेतलेली मुलं मला दिसतात, तेव्हा फार वाईट वाटतं. एमएस्सीच्या प्रवेशासाठीची आयआयटीची जॅम परीक्षा घे. तीन तास, १०० मार्क, आणि त्यात तुझ्या नॅनोकणांबद्दल कुणी काही विचारत नाही. प्रोजेक्ट उपयोगी पडतो तो मुलाखतीच्या खोलीत, आणि त्या खोलीपर्यंत न्यायचं काम परीक्षाच करते.

मग भरपूर, पोटभर लॅब कधी? सुट्टीत. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करायला मिळतं. तिचा अर्ज मात्र कित्येक महिने आधीच भरावा लागतो, वेळेत वेबसाईट बघायला लाग. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, त्यांचा एनआययूएस हा कार्यक्रम २००४ पासून खास पदवीच्या मुलांसाठी चालतो, केमिस्ट्री आणि फिजिक्स दोन्हीत, आणि तो सुट्टीतल्या शिबिरांभोवती बांधलेला आहे. तुझ्यासारखीने एसवायलाच त्याच्याकडे बघावं, टीवायपर्यंत थांबू नये. इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळत असेल तर वर्षाच्या ८०,००० रुपयांतले २०,००० उन्हाळी प्रोजेक्टसाठीच असतात. हे पैसे मिळूनही कुठेच न जाणारी मुलं मी पाहिली आहेत, कारण त्यांना वर्षभर रोज लॅबला जायचं होतं आणि सुट्टीत दमून झोपायचं होतं.

सेमिस्टरच्या आतही वर्षाचे ऋतू ओळखावेत. पहिले आठ-दहा आठवडे प्रयोग कर, इंटर्नलचा आठवडा सोडून. शेवटच्या चार आठवड्यांत नवं सँपल बनवायचं नाही. आधीच्या डेटावर लिहायचं, तेही आठवड्याला दोन तास. आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी पोस्टर करायचं ठरलं तर विशेष सांभाळ. थंडीत सगळ्या कॉलेजात त्या पोस्टरचं वारं शिरतं, मुलं रात्र रात्र जागून रंग निवडतात आणि त्यावरचं समीकरण कुठून आलं हे परीक्षकांना सांगता येत नाही.

लॅब खरंच सोडावी अशीही वेळ असते. सहा महिने झाले आणि हा प्रयोग आपण का करतो आहोत हे तुला दोन वाक्यांत सांगता येत नाही. नुसती भांडी धुणं आणि सीनियरचे सँपल नेणं-आणणं चालू आहे. रात्री एकटीने ॲसिड किंवा फर्नेस सांभाळायला सांगतात. पैसे भरून चार दिवसांत छापणाऱ्या एखाद्या जर्नलमध्ये तुझं नाव घालायचं आमिष दाखवतात. यातलं काही असेल तर मला विचारत बसू नकोस, निघ. तुझ्या प्रश्नावरून मात्र तसं दिसत नाही.

घरच्यांचं म्हणशील तर त्यांची भीती मार्कांची कमी आणि साडेआठच्या एसटीची जास्त असावी, असा माझा अंदाज आहे. चार दिवस लवकर घरी आलीस की निम्मं भांडण मिटेल. उरलेल्यासाठी एखाद्या शनिवारी आईला लॅबमध्ये घेऊन ये. माझ्याकडे एका मुलीची आई आली होती. फर्नेसचा आकडा ४०० वर चढताना बघून म्हणाली, "आमच्या चुलीपेक्षा बरं आहे, धूर तरी नाही." त्यानंतर त्या मुलीला उशीर झाला तरी फोन यायचे नाहीत.

राहिले सर. चांगला गाईड तास कमी केल्यावर रागावत नाही. न सांगता गायब झालेल्या मुलावर रागावतो, कारण गाईडने त्या आठवड्याचा एक्सआरडीच्या मशीनचा नंबर त्या मुलाच्या भरवशावर लावलेला असतो. म्हणून हळूहळू कमी येऊ लागणं, फोन न उचलणं, "सर, आज बरं नाही" हे सगळं टाळ. समोर जाऊन बोल, हातात परीक्षांच्या तारखा लिहिलेला कागद असू दे. लाज वाटत असेल तर आधी मेसेज टाक. मी लिहून देते, तुझ्या शब्दांत बदल कर:

"सर, नमस्कार. मागच्या सेमिस्टरला फिजिक्समध्ये मार्क कमी पडले. काम सोडायचं नाहीये. पण सोमवारपासून मी रोज येण्याऐवजी मंगळवार आणि शुक्रवार दुपारी दीड ते साडेपाच येऊ का? इंटर्नल आणि सेमिस्टरच्या तारखा सोबत जोडल्या आहेत, त्या आठवड्यांत येणार नाही. चार नंबरचं सँपल धुऊन वाळवून डेसिकेटरमध्ये ठेवलंय, लेबल लावलंय. तुम्ही म्हणाल तेव्हा भेटायला येते."

सँपलचं वाक्य गाळू नकोस. आणि पाठवण्याआधी ते खरंच डेसिकेटरमध्ये आहे ना, बघून घे.